प्रत्येक वनस्पती उकळायची नसते : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

नागपूरच्या महाल भागात राहता, सत्तरी ओलांडली आहे असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणते. घरच्या हर्बल चहांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही रागावून लिहिलं आहे, पण लिहिण्याआधी करून पाहिलंत, याचा मला फार आनंद झाला. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. हे सगळे आपले जुने काढेच, शहरातल्या लोकांनी महाग केलेले. टपरीवरचा अद्रकवाला चहा सोडून नागपूरच्या 45 डिग्रीत गरम गवताचं पाणी कोण पिणार? आणि संत्र्याच्या सालीचा चहा अर्धं पाणी आटेपर्यंत उकळला, तर तो कडूजहर झाला, ओतून द्यावा लागला. शेवटी, काकूंना बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी हे प्यावं का, हा प्रश्न.

कडूपणापासून सुरुवात करते, कारण बाकीची बरीचशी उत्तरं तिथेच आहेत.

संत्र्याची साल दिव्याच्या ज्योतीजवळ धरून दाबली की चटचट ठिणग्या उडतात. नागपुरातल्या कुठल्याही पोराने हा खेळ केलेला असतो. ते जे पेटतं ते सालीतलं तेल. सालीच्या वरच्या केशरी थरात त्याच्या बारीक पिशव्या असतात आणि संत्र्याचा सगळा सुगंध त्यात असतो. हे तेल वाफेबरोबर उडून जातं. आतल्या पांढऱ्या थरात मात्र कडवट द्रव्यं असतात, ती उडत नाहीत, उकळत राहिलं की पाण्यात उतरत जातात. म्हणजे अर्धं पाणी आटलं तेव्हा सुगंध घरभर गेला आणि कडूपणा तेवढा पातेल्यात उरला. पुढच्या वेळी सालीचा पांढरा भाग चमच्याने खरवडून काढा. सुंठेचा तुकडा आणि दालचिनी पाण्यात आठ-दहा मिनिटं उकळू द्या, मग गॅस बंद करून साल टाका आणि झाकण ठेवा. पाच मिनिटांनी गाळा. झाकणाच्या आत जे थेंब जमतात ते पुन्हा पातेल्यातच झटका, तेल त्यांच्यातही असतं.

आता काढ्याबद्दल. आपल्याकडे औषधी वनस्पतींचा गुण काढून घेण्याच्या एकाच नाही, पाच पद्धती सांगितल्या आहेत : स्वरस (ताजा रस), कल्क (वाटून केलेला गोळा), क्वाथ, हिम आणि फांट. क्वाथ म्हणजे आपला काढा, सोळापट पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचा. फांटात वनस्पतीवर कढत पाणी ओतून, झाकून, थोड्या वेळाने गाळतात. हिमात ती रात्रभर थंड पाण्यात भिजत ठेवतात आणि सकाळी ते पाणी घेतात. औषध म्हणून ही प्रमाणं दाट असतात, रोज आवडीने प्यायला वनस्पती कितीतरी कमी लागते. पण मला जे सांगायचं आहे ते एवढंच, की काढ्याची रीत सगळ्यांना लावली म्हणून हे चहा बेचव होतात. मूळ, झाडाची साल, खोड, टणक बी यांना उकळी लागते. पानं आणि फुलं यांना ती सोसत नाही. तुळस, पुदिना, गवती चहा यांचा वासच त्यांच्या उडून जाणाऱ्या तेलात आहे. गवती चहाची पात चिवट असते, म्हणून ती कात्रीने बारीक कापायची, बुडखा बत्त्याने ठेचायचा, आणि वरून कढत पाणी ओतायचं. पाच-सात मिनिटांत रंग फिकाच राहील, पण वास बघा.

आणि टपरीवरचा अद्रकवाला चहा सोडा असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तो मीही घेते. हे पेय त्याच्या जागी नाही, त्याच्या शेजारी आहे.

उन्हाळ्याचं तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. मे महिन्यात दुपारी गरम कप हातात धरवत नाही. म्हणून तर मला हिमाची पद्धत आपल्या गावासाठीच केल्यासारखी वाटते. माठात वाळ्याची जुडी टाकणं नागपूरकरांना नवीन नाही, तो हिमच आहे. त्याच रीतीने पुढे जाता येतं. चमचाभर बडीशेप अर्धवट कुटून मोठ्या ग्लासभर पाण्यात रात्री भिजवा, सोबत गवती चहाची दोन पाती आणि पुदिन्याच्या काड्या. सकाळी गाळून, आवडत असेल तर खडीसाखर. थंड पाणी वनस्पतीतला कडू-तुरट भाग कमी ओढतं, त्यामुळे चव इतकी स्वच्छ येते की एकदा प्याल तर साखर घालायचं मनात येणार नाही. एक काळजी मात्र घ्याच : पानं आधी नीट धुवा, भांडं रात्रभर ओट्यावर नको, फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. आपल्या उकाड्यात भिजलेली पानं फार लवकर आंबतात.

राहिला खर्च. चकचकीत डब्यांतल्या पिशव्या महाग असतात हे मान्य, पण मी त्यातली एकही सुचवली नव्हती. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या फळाचं आपण एवढं कौतुक करतो आणि साल कचऱ्यात टाकतो. चीनच्या दक्षिण भागात याच जातकुळीच्या संत्र्याची साल वाळवून वर्षानुवर्षं मुरवतात आणि जुनी झाली की ती जास्त किमतीला विकली जाते. आपल्याकडे संत्र्याचे दोन हंगाम : आंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मृगाच्या फळांची साल वाळवायला सोपी, कारण तोवर हवा कोरडी झालेली असते. सावलीत वाळवा, कडकडीत उन्हात तेल जातं.

दुसरी वस्तू म्हणजे लाल अंबाडीची बोंडं. अंबाडीची भाजी आपण भाकरीबरोबर आवडीने खातो, पण हिवाळ्याच्या सुरुवातीला तिला जी लाल, मांसल, आंबट बोंडं येतात ती बरेचदा शेतातच राहतात. इजिप्त-सुदानमध्ये लोक याचंच पेय गरम आणि थंड दोन्ही पितात, पाहुण्याला देतात. आतलं बी काढून लाल भाग वाळवायचा. कपाला चार-पाच तुकडे, कढत पाणी, झाकण, सात मिनिटं. गूळ घातला तर मस्तच. उन्हाळ्यात हेच गार करून काळं मीठ आणि बर्फ. यात दूध कधीच घालू नका, आंबटपणामुळे ते फाटेल. कुंपणावरच्या गोकर्णीच्या निळ्या फुलांचंही करता येतं. त्याला चव फारशी नसते, पण लिंबू पिळताच निळा रंग जांभळा होतो, नातवंडांना दाखवा.

काकूंबद्दल नीट वाचा. ज्येष्ठमध त्यांना देऊ नका, नियमित घेतल्यास त्याने रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम घटतं. बाजारातल्या बऱ्याच तयार मिश्रणांत तो गोडीसाठी असतो, तेव्हा पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. अंबाडीचं उलट आहे, तिने रक्तदाब थोडा उतरू शकतो, म्हणून गोळ्या चालू असताना रोज घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गवती चहा-पुदिन्याचा हलका कप अधूनमधून घ्यायला सहसा अडचण नसते, तरी त्याच भेटीत तेही विचारून घ्या. संत्र्याची साल मात्र पांढरा भाग खरवडून पुन्हा करा, आणि कशी झाली ते इथेच लिहा.