विलीनीकरण म्हणे, डोंबल!

आज सकाळी परत मोबाईलवर पाणी खात्याचा मेसेज. अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा मर्यादित स्वरूपात करण्यात येईल. मर्यादित स्वरूपात! अहो नळातून नुसता फुसफुस वारा येतोय, गणपतीची चवथ तोंडावर आलीय, पाहुणे यायचेत, बालद्या रिकाम्या, याला आमच्या गोव्यातल्या फोंड्यात ‘पाणी नाही’ म्हणतात. साधे दोन शब्द. पण तसं लिहिलं तर कोणीतरी विचारेल ना, का नाही म्हणून.

आणि मला खरा राग आहे तो सरकारी भाषेतल्या त्या ‘करण्यात येईल’चा. करण्यात येईल, घेण्यात आला, रद्द करण्यात आले... कोणी केलं? कोणीच नाही, आपलं आपण झालं. माझा मुलगा दुसरीत असताना कपाटावरची काचेची बरणी खाली पाडून म्हणाला ‘ती फुटली’, तेव्हा आजीनं धपाटा घातला होता. हे सत्तेवरचे लोक तसंच बोलतात आणि वर हार घालून घेतात.

तक्रार करा, उत्तर ठरलेलं: योग्य ती कार्यवाही सुरू आहे. कारवाई नव्हे हं, कार्यवाही! कारवाईत कोणावर तरी बडगा बसतो, कार्यवाहीत फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जाते आणि आता तर पेपरवालेही दोन्ही एकच समजून छापतात.

बरं ‘दुरुस्ती’ घ्या. २०२३ मध्ये गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम घातलं, कशासाठी तर म्हणे प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये, म्हणजे कुठली जमीन कशासाठी ते ठरवणाऱ्या नकाशात, अनवधानानं राहिलेल्या चुका सुधारायला. दुरुस्ती म्हटलं की आम्हाला मिक्सर आठवतो, गळकं छप्पर आठवतं. इथे शेत नाहीतर डोंगर उचलून सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे घरं बांधायच्या जागेत टाकायचा ही दुरुस्ती. म्हणजे तिथे भात पिकत होतं हीच चूक होती तर! मार्च २०२५ मध्ये हायकोर्टानं त्याचे नियम उडवले, पण तोवर झोन बदलायला त्याच कायद्यात ३९ए हे कलम येऊन बसलं होतंच, २०२४ मध्येच. तिथे तर ‘चूक राहिली होती’ हे निमित्त पण नको.

पण या सगळ्यापेक्षा डोक्यात जातो तो ‘विलीनीकरण’. अरे, गोव्यात या शब्दाला काही वजन होतं! १६ जानेवारी १९६७, ओपिनियन पोल, म्हणजे जनमत कौल. महाराष्ट्रात विलीनीकरण हवं त्यांनी फुलाच्या चिन्हावर मत द्यायचं, केंद्रशासित राहायचं त्यांनी दोन पानांवर. आमचे आजोबा फुलाचे, त्यांचा सख्खा भाऊ दोन पानांचा, एकाच घरात दोन चुली झाल्या, म्हणे वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत. फूल हरलं, ३४,०२१ मतांनी. आजोबांना तो आकडा शेवटपर्यंत पाठ होता, चिडून सांगायचे, पण लोकांनी ठरवलं म्हटल्यावर विषय संपला असंही म्हणायचे. ज्याच्यासाठी अख्ख्या गोव्याला विचारावं लागलं, ते विलीनीकरण.

आता? १० जुलै २०१९, काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये. विलीनीकरण. जानेवारी २०२२ मध्ये निवडणुकीआधी काँग्रेसच्याच उमेदवारांनी देऊळ, खुरीस (क्रॉस), दर्गा तिन्हीकडे जाऊन फुटणार नाही म्हणून शपथ घेतली, आणि १४ सप्टेंबरला निवडून आलेल्या ११ पैकी ८ भाजपमध्ये गेले. परत विलीनीकरण. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदीच्या कायद्यात, दोन तृतीयांश आमदारांची पळवाट आहे, तेवढी डोकी मोजून झाली की फुटणं हा शब्द गायब. एकटा गेला तर पक्षांतर, आठ जण गेले तर विलीनीकरण! आणि पक्ष कुठलाही असो हां, उद्या वारं उलटं फिरलं तर हेच आठ उलटे विलीन होतील. आजोबा असते तर काठी घेऊन उठले असते.

पणजीला मांडवी नदीतले कॅसिनो तर वर्षानुवर्षं ‘तात्पुरत्या’ मुदतवाढीवर आहेत, एक संपली की परत दुसरी. त्याच्यावर बोलतच नाही.

गंमत म्हणजे १९८७ च्या राजभाषा कायद्यावरून आपण अजून भांडतोय, कोंकणी की मराठी, कोणाला किती मान. भांडा. पण दोन्ही भाषांत थापा सारख्याच सराईतपणे मारल्या जातात त्याचं कोणाला काही नाही. आणि कशाबद्दलही विचारलं की ‘भिवपाची गरज ना’, म्हणजे घाबरायचं कारण नाही, हे आहेच.

तर काल मी लेखी अर्ज घेऊन गेलो. सरळ लिहिलं होतं, ‘चार दिवस नळाला पाणी नाही. पाणी कोणी बंद केलं त्याचं नाव कळवा.’ खिडकीतल्या बाईंनी वाचला, चष्मा वर केला आणि परत माझ्याकडे सरकवला.

‘भाऊ, भाषा बरोबर नाही. सदर परिसरात पाणीपुरवठा अनियमित होत असल्याचे निदर्शनास आणण्यात येत आहे, असं लिहून आणा.’

लिहून दिला. काय करणार, टँकर त्याच अर्जावर मिळतो.