सोप मेला आणि मला काहीच वाटलं नाही

स्पॉइलर आहेत, ज्याने खेळला नाहीये त्याने पुढे वाचू नका, खरं तर खेळूही नका.

काल रात्री कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर ३ या युद्धाच्या व्हिडिओ गेमचं कॅम्पेन, म्हणजे स्टोरीवाला भाग, संपवलं, २०२३ वालं, आणि अजून डोकं तापलेलंच आहे. शेवटचं मिशन, चॅनल टनेल, म्हणजे इंग्लंड-फ्रान्समधला समुद्राखालचा बोगदा, बॉम्ब निकामी करायचाय, मुख्य व्हिलन मकारोव्ह येतो, कॅप्टन प्राइसला वाचवायला त्याच्या टीममधला सोप मकारोव्हच्या अंगावर जातो आणि मकारोव्ह सोपच्या डोक्यात गोळी घालतो. संपलं. लगेच पुढच्या सीनला स्कॉटलंडमधला कडा, प्राइस आणि टीममधले घोस्ट आणि गॅझ त्याची राख वाऱ्यावर सोडतायत. अरे थांबा ना जरा! माणूस मेलाय, सोप मॅक्टॅविश मेलाय, आणि तुम्ही ते असं उरकताय जणू पुढची बस पकडायचीय.

आणि राग मारला म्हणून नाहीये. जुन्या मालिकेत, २०११ च्या भागातही तो मेलाच होता की; ही नवी मालिका म्हणजे तीच पात्रं घेऊन २०१९ पासून नव्याने सांगितलेली गोष्ट. तेव्हा मी आणि दादा एका खुर्चीत अर्धे अर्धे बसून खेळायचो, त्याच्या हातात माउस, माझ्या हातात काहीच नाही, मी नुसता बघायचो. प्रागमध्ये प्राइस जखमी सोपला घेऊन गोळीबारातून चाललाय, शेवटी त्याला टेबलावर झोपवतात, आणि सोबत लढणाऱ्या युरीला मकारोव्ह ओळखतो हे तो जाता जाता सांगून जातो आणि एका वाक्यात सगळी स्टोरी फिरते. मग प्राइस ते एम १९११ पिस्तूल त्याच्या छातीवर ठेवतो. ते पिस्तूल कुठलं? २००७ मध्ये पुलावर प्राइसने सोपकडे सरकवलेलं, ज्याने सोपने तेव्हाच्या व्हिलनला, झाकाएव्हला मारला. २००९ मध्ये गुलागमधून, म्हणजे रशियन तुरुंगातून, प्राइसला बाहेर काढल्यावर सोपने तेच पिस्तूल त्याला परत दिलं. आणि २०११ ला ते असं परत आलं. एक पिस्तूल, तीन गेम, चार वर्षं, आणि तेवढ्यात एक नवखा पोरगा कॅप्टन झाला, स्वतःच्या छातीतला सुरा उपसून गद्दार जनरल शेफर्डच्या डोळ्यात फेकण्याइतका मोठा झाला. याला म्हणतात कॅरेक्टर डेव्हलपमेंट. दादा तेव्हा माउस सोडून उठून गॅलरीत गेला होता.

आता नव्यात सोपला मिळालं काय? २०१९ च्या गेममध्ये शेवटी फक्त नाव. २०२२ मध्ये मात्र खरंच भारी सुरुवात केली होती, हे मी मान्य करतो. लास अल्मास या मेक्सिकोतल्या गावातलं ते रात्रीचं मिशन आठवा, पाऊस पडतोय, सोपला गोळी लागलीय, हातात धड हत्यार नाही, आणि रेडिओवर घोस्ट. दोघं एकमेकांना फालतू जोक सांगतायत, काय उत्तर द्यायचं ते आपण निवडायचं, आणि हळूहळू कळतं की हा कवटीचा मास्कवाला माणूस या पोराला मरू देणार नाहीये. एका मिशनमध्ये ती मैत्री उभी केली होती राव. मग घोस्ट सगळ्यांसमोर मास्क काढतो, ते पटतं, कारण आधी ती पावसातली रात्र झालेली असते.

आणि वर्षभरात पुढचा भाग, त्यात या दोघांचं काय केलं? काहीही नाही. शून्य. अख्ख्या कॅम्पेनमध्ये दोघं निवांत बोललेत असा एक सीन दाखवा मला. ते ओपन कॉम्बॅट मिशन नावाचं प्रकरण घुसवलंय, म्हणजे वॉरझोन या त्यांच्याच ऑनलाइन गेमसारखा मोकळा नकाशा, पेट्या उघडा, चिलखताच्या प्लेटा घाला, तीन ठिकाणी जाऊन तीन गोष्टी करा, आणि सोबत कोणी नाही, बाकीची टीम फक्त कानात आवाज. ज्या गेमची अख्खी ताकद शेजारी पळणाऱ्या माणसांत होती तिथे तुम्ही मला एकट्याला पेट्या शोधायला सोडता? निव्वळ पाट्या टाकल्यात. माझं साडेचार तासांत संपलं, ७० डॉलरचा गेम.

ग्रेव्हजचं, म्हणजे भाडोत्री सैनिकांच्या त्या कमांडरचं, तर विचारूच नका. २०२२ मध्ये याच माणसाने गद्दारी केली, लास अल्मासमध्ये त्याच्या लोकांनी साध्या माणसांना मारलं, आपण त्याला रणगाड्यासकट उडवला, आणि आता काय तर म्हणे तो रणगाड्यात नव्हताच. बरं, नव्हता. पण मग ज्याच्या लोकांनी सोपच्या जिवावर उठून त्याला रात्रभर हुडकलं त्याच्याबरोबर सोप काम कसा काय करतो? दोन टोमणे मारायचे आणि झालं? एक ठोसा तरी घाला! आणि २०२२ मध्ये सोबत लढलेले अलेहांद्रो, रूडी, ज्यांचं गाव जळलं, ते कुठेच नाहीत.

समाराचंही तेच. विमानातलं मिशन, मकारोव्हची माणसं या बाईच्या अंगावर स्फोटकांचा व्हेस्ट चढवतात, सीन हादरवणारा आहे, पण ती एका मिशनपुरती येते आणि जाते. २००९ च्या, एअरपोर्टवर निरपराध लोकांना मारायच्या मिशनसारखी खळबळ हवी होती म्हणून एक बाई उभी केली, बस. मकारोव्हला तुरुंगातून सोडवायच्या मिशनचं नावसुद्धा ऑपरेशन ६२७, आणि ६२७ हा जुन्या गुलागमधला प्राइसचा कैदी नंबर. जुनं सगळं पाहिजे, नंबर पाहिजे, नावं पाहिजेत, मरण पाहिजे, फक्त त्यासाठी घाम गाळायला नको. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

आज सकाळी दादाला फोन केला, म्हटलं, नव्यात पण सोप मेला रे. तो एकदम, "कसा?" मी म्हटलं, मकारोव्हने गोळी घातली. तो म्हणाला, "बरं, मग?"

मग पुढे सांगायला काहीच नव्हतं माझ्याकडे. प्रागचं तो अजून अर्धा तास सांगतो.