रतीब पिशवीने नाही, रिकाम्या गोठ्याने बंद पडला

"पिशवीचं दूध आलं आणि घरपोच रतीब संपला" हे घरपोच दुधाच्या रतिबावरच्या लेखातलं वाक्य शहरापुरतं ठीक असेल. आमच्या रत्नागिरीकडच्या वाडीत उलटं झालं. आधी गोठे रिकामे झाले, मग पिशवी आली. आमच्याकडे शेजारच्या काकी पहाटे चरवी घेऊन यायच्या. पावसाळ्यात डोक्यावर इरलं, पण खाडा नाही. गाय आटली की आठ दिवस आधी सांगून दुसऱ्या घरचा रतीब लावून द्यायच्या. त्यांची मुलं मुंबईला गेली, भातशेती पडीक राहिली. भात नाही तर पेंढा नाही, आणि विकतचा पेंढा घालून दूध परवडणार कसं? आमची गावठी गाय देऊन देऊन दिवसाला दोन-तीन लिटर देणार, त्यातलं वासराचं वेगळं.

आता कोल्हापूरकडचं दूध आंबा घाट उतरून येतं. पावसात घाटात दरड कोसळली की दुकानात दूध नाही. चार वर्षांपूर्वी अशाच दिवसांत घरात तान्हं बाळ होतं आणि अख्ख्या वाडीत एकही दुभती गाय नव्हती. लेखात चाऱ्याबद्दल एक ओळ तरी हवी होती.