सह्याद्रीवीरांनी वेस्ट कोस्ट ट्रेल कसा करावा

नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड झालाय, कळसूबाई तर पोराबाळांना घेऊन झालंय, आणि आता नोकरीच्या निमित्ताने मुक्काम ब्रिटिश कोलंबियात पडलाय. अशा माणसाला व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरची ही वाट म्हणजे जेवणानंतरची शतपावलीच. एकूण ७५ किलोमीटर. लोक म्हणे त्याला सहा ते आठ दिवस लावतात! दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालून दमणारी ही माणसं. तुम्ही चार दिवसांचा बेत आखा. रजाही तेवढीच शिल्लक आहे.

ट्रेल मे ते सप्टेंबर उघडा असतो आणि रोज मोजक्याच लोकांना आत सोडतात. बुकिंग हिवाळ्यातच सुरू होतं आणि चांगल्या तारखा बघता बघता संपतात. तुम्ही जूनअखेरीस फोन करा आणि "सहा जण आहोत, काही ॲडजस्ट होतंय का बघा ना" असं गोड आवाजात विचारा. समोरच्याला ॲडजस्ट हा प्रकार कळला नाही, तर मोठ्याने परत सांगा.

परमिट मिळालंच, तर सुरुवातीला सगळ्यांना बसवून माहिती देतात. ते सक्तीचं आहे. तिथे मागच्या रांगेत बसून मोबाइल चार्ज करून घ्या, पुढे रेंज नसते. समोर भरती, ओढे, अस्वलं, त्सुनामी असं काहीबाही चाललेलं असतं. मेहुण्यांच्या कानात हळूच सांगा, "हे आपल्यासाठी नाही, नवख्यांसाठी आहे."

मग प्रश्न येतो, सुरुवात कुठून करायची. उत्तरेला बॅमफिल्डजवळचं पचीना बे, तिथली वाट बरीच सपाट. दक्षिणेला पोर्ट रेनफ्रूजवळची गॉर्डन नदी, तिथे शिड्या, मुळं, चिखल आणि घराएवढे धोंडे. अर्थातच दक्षिणेकडून घुसा. सगळं अन्न अजून पाठीवर आहे, सॅक वीस किलोच्या घरात, पाय अजून सरावलेले नाहीत. अवघड भाग गाठायला याहून चांगला मुहूर्त नाही. उत्तरेकडून निघणारे लोक सॅक हलकी होईपर्यंत थांबतात, तो त्यांचा भित्रेपणा.

शिड्या शंभराहून जास्त आहेत. लाकडी, ओल्या, शेवाळलेल्या, काही ठिकाणी एकीवर एक अशा उभ्या रचलेल्या. एका वेळी एकानेच चढावं असं सांगतात. आपण तिघं-चौघं लागोपाठ चढू, म्हणजे वरच्याचा पाय घसरला तर खाली अडवायला माणूस असतो. काही ओढ्यांवर दोरावरचा पाळणा आहे. त्यात दोघांनी बसायचं आणि हाताने दोर ओढत पलीकडे जायचं. अर्ध्या वाटेपर्यंत पाळणा आपल्या वजनाने आपोआप घसरतो, खरी ओढाओढ त्यानंतर. अर्ध्यावर पोचल्यावर "दोर कोण ओढतंय?" हा वाद सुरू करा. खाली पाणी, मागे पुढच्या गटाची रांग, वादाला इतकी शांत जागा पुन्हा मिळायची नाही. जिथे पाळणा नाही तिथे ओढा पायी ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडा म्हणतात. आपण उलट घट्ट आवळायचा. पाय निसटला तर सॅक आणि आपण, दोघांची ताटातूट व्हायला नको.

आता भरती-ओहोटी. हा विषय तुम्हाला कोणी शिकवायचं कारण नाही, कारण तुमचं आजोळ गुहागरचं. इथले लोक टोफिनो या बेटावरच्याच गावाचा भरतीचा तक्ता हातात धरून चालतात. समुद्राची पातळी दिवसभरात तीन-साडेतीन मीटर वरखाली होते आणि वाटेचा मोठा भाग पुळणीवरून, खडकांवरून जातो. ओवेन पॉइंट या खडकाळ टोकाला पाणी साधारण १.८ मीटरच्या खाली असेल तेवढाच वेळ खडकांवरून जाता येतं. मध्ये मध्ये खडकांत खोल भेगा आहेत, त्यांत लाट आत शिरते आणि तशीच जोराने मागे खेचते. तक्त्यात आणखी एक गंमत असते. छापील तक्त्यातल्या वेळा प्रमाणवेळेत असतात, उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे, म्हणून प्रत्येक आकड्यात एक तास मिळवावा लागतो. तुम्ही मिळवू नका. मग बरोबर ओहोटीच्या वेळी निघालो असं समजून तुम्ही तासभर आधी खडकांत पोचाल, आणि परतताना तोच तास तुमच्या आधी संपलेला असेल की नंतर, यावर मेहुण्यांशी चर्चा करायला गुडघाभर पाण्यात निवांत वेळ मिळेल. समोर ओवेन पॉइंटच्या गुहा आहेत, खरोखर सुंदर. त्यांचा फोटो ओहोटीत तर सगळेच काढतात.

तंबूसाठी पुळणीवर जागा निवडताना लाटांच्या शक्य तितकं जवळ जा. वर, झाडांच्या कडेला, समुद्राने आणून टाकलेल्या ओंडक्यांची रास असते. हे प्रचंड ओंडके तिथवर कोणी वाहून नेले असतील, असला विचार रात्री झोपताना करू नये.

जंगलाबद्दल चेष्टा करायला जीभ रेटत नाही, तरी प्रयत्न करतो. सिटका स्प्रूस, हेमलॉक, लाल सीडर अशी झाडं. शेजारच्या कारमाना खोऱ्यातला एक स्प्रूस ९५ मीटरच्या आसपास उंच आहे. पडलेल्या खोडावर नवी रोपं ओळीने उगवतात, आणि खाली बोटाहून लांब पिवळ्या गोगलगायी, बिनशंखाच्या, आपल्याहून जास्त वेगाने चालल्यासारख्या वाटतात. वर्षाला तीन मीटरच्या घरात पाऊस. आकडा ऐकून कोकणी माणूस हसतो, पण कोकणात हा पाऊस चार महिन्यांत उरकून घेतात, इथे त्याचा खरा जोर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात त्याची उरलीसुरली उधारी. डोंगराला अडून ढग रिकामे होतात हे गणित मात्र अगदी सह्याद्रीचंच. तेव्हा आपल्या पावसाळी अनुभवाला स्मरून जीन्स घाला. एकदा भिजली की ट्रेल संपेपर्यंत सोबत करते. ओढ्याचं पाणी बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं असतं, ते न उकळता, न गाळता प्या. रंग पानांचाच आहे. बाकीचं पोट सांगेल.

खाण्याचे डबे रात्री लोखंडी पेटीत ठेवा, नाहीतर झाडावर उंच टांगा, असा इथला दंडक आहे, कारण काळी अस्वलं, लांडगे आणि कूगर म्हणजे डोंगरी सिंह, तिघांचीही इथे वस्ती. पण लसूण चटणी आणि सुकटाची पुडी बाहेर टांगून सुगंध वाया घालवणं बरं नव्हे. उशाशी ठेवा. वास दूरवर गेला तर त्यात तुमच्या सासूबाईंच्या हाताचंच कौतुक आहे.

मधोमध निटिनाट नॅरोज नावाचं चिंचोळं पाणी लागतं. डिटिडाट या इथल्या मूळ रहिवाशांची बोट पलीकडे नेते, दिवसाउजेडीच. अरुंद दिसतं म्हणून पोहून जावंसं वाटेल, पण प्रवाह फार ओढीचा. धक्क्यावर ताजा खेकडा उकडून मिळतो. ओले मोजे काढून, बाकावर बसून, दोन-तीन दिवसांच्या कोरड्या नूडल्सनंतर तो फोडताना मालवणी मसाला नाही म्हणून नाक मुरडायला विसरू नका. संध्याकाळी उशिरा पोचलात तर तेवढंही करता येत नाही, बोट उद्या.

वाटेत एका समुद्रकिनाऱ्यावर १८९३ मध्ये फुटलेल्या 'मिशिगन' बोटीचा गंजका बॉयलर पडलाय. त्यावर चढून फोटो काढा. या किनाऱ्याला प्रशांत महासागराचं स्मशान म्हणतात. २२ जानेवारी १९०६ ला 'व्हॅलेन्शिया' नावाची बोट वाट चुकून पचीनाजवळच्या खडकांवर आदळली. शंभराहून जास्त माणसं गेली, ३७ वाचली, त्यांत एकही बाई नाही, एकही मूल नाही. किनाऱ्यावर पोचलेल्या काहींनी जंगलातून गेलेली तारायंत्राची तार शोधून मदत मागितली. त्यानंतर सरकारने तिथे दीपगृह उभारलं आणि बोट फुटून किनाऱ्याला लागलेल्यांना बाहेर काढता यावं म्हणून त्याच तारेच्या वाटेचा हा रस्ता केला. ठरावीक अंतरावर निवारे होते, त्यांत शिधा होता, मदतीसाठी टेलिफोन होता. जीव वाचवायला काढलेल्या वाटेवर आपण पैसे भरून जीव धोक्यात घालायला येतो, याला प्रगती म्हणतात.

पाय मुरगळणं, गुडघा निखळणं हे शिडीपेक्षा ओल्या ओंडक्यावर आणि मुळांवर जास्त होतं, बहुधा "आता सोपा भाग आला" असं कोणी म्हटल्यावर लगेच. दर हंगामात बऱ्याच जणांना बोटीने बाहेर काढावं लागतं. समुद्र खवळला असेल तर बोट येत नाही, धुकं असेल तर हेलिकॉप्टर येत नाही, आणि धुकं तर ऑगस्टमध्येही हटत नाही. तोवर भिजल्या जीन्समध्ये पाय उंच ठेवून पडून राहा, आणि पायाला पट्टी बांधणाऱ्या मेहुण्यांना नळीची वाट याहून कशी अवघड होती ते पहिल्यापासून सांगायला घ्या.