‘युनिव्हर्सिटीत लागलात की दोन वर्षांत ग्रीन कार्ड’ या मेसेजबद्दल

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला, आधी आत्याने टाकला, मग शाळेच्या ग्रुपवर, मग इथल्या मंडळाच्या ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा: कंपन्यांच्या मागे लागू नका, अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत नोकरी धरा, युनिव्हर्सिटीला कोटा नसतो, लॉटरी नसते, कायद्याने त्यांना ग्रीन कार्ड करून द्यावंच लागतं, एक डॉलर खर्च नाही आणि दोन-तीन वर्षांत कार्ड हातात. खाली आत्याने विचारलं होतं, मग तुझं का झालं नाही अजून? मी २०१४ पासून एका युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये आहे, माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत नंबर लागल्याची तारीख, २०१६ ची आहे आणि कार्ड अजून नाहीये. आणि आता भाच्याला पीएचडी संपता संपता दोन ऑफर आल्यात, एक कंपनीची, एक पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकरीची, आणि हा मेसेज वाचून तो कंपनीला नकार कळवायला निघाला होता, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी जे खरं आहे ते. लॉटरी नसते, हे बरोबर आहे. एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसाला वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यापुढचं शिकलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा आहे, अर्ज त्याहून जास्त आले की लॉटरी काढतात, आणि २००० सालच्या कायद्यापासून युनिव्हर्सिटी त्या मर्यादेबाहेर आहेत. वर्षात कधीही अर्ज करता येतो, १ ऑक्टोबरची वाट बघायला लागत नाही. ही सोय मोठी आहे, मी स्वतः तिच्यावरच इथे टिकलो. पण उद्या युनिव्हर्सिटी सोडून कंपनीत जायचं ठरवलं आणि आधी कधी लॉटरीत नंबर लागलेला नसेल तर लॉटरी तुमच्यासमोर उभीच आहे, हे मेसेजमध्ये नाही. आणि सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने अमेरिकेबाहेरून आणायच्या नव्या एच-१बी माणसासाठी १ लाख डॉलर भरायला लावले, त्यात युनिव्हर्सिटींना सरसकट सूट नव्हती. इथेच शिकत असलेल्याचा व्हिसा बदलत असेल तर ते पैसे लागत नाहीत असं ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलं गेलं, पण पुण्यात बसून थेट तिथल्या नोकरीची स्वप्नं बघणाऱ्याने हे आधी माहीत करून घ्यावं.

आता खरी गफलत कुठे आहे ते. ‘कोटा नाही’ हे फक्त एच-१बीबद्दल आहे, ग्रीन कार्डला कोटा आहेच आणि तो युनिव्हर्सिटीलाही तितकाच लागू आहे. नोकरीच्या आधाराने मिळणारी कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात बायकोमुलंही मोजली जातात, म्हणजे चौघांचं कुटुंब असेल तर चार नंबर गेले. त्यातून एका देशाला ७ टक्क्यांच्या वर नाही. ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या गटाला एकूणातले २८.६ टक्के, म्हणजे ४०,००० च्या आसपास, त्याचे ७ टक्के काढले की भारतात जन्मलेल्यांसाठी साधारण २,८०० राहतात, बाकीच्या देशांकडून काही उरलं तर ते वर. २०२५ मध्ये दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर आला ते सांगणारं सरकारी पत्रक, उघडलं की ईबी-२ मध्ये भारताची तारीख २०१२-१३ च्या आसपास दिसायची. म्हणजे २०१२-१३ मध्ये ज्यांचा अर्ज लागला त्यांना २०२५ मध्ये कार्ड. युनिव्हर्सिटीने कितीही मनापासून स्पॉन्सर केलं तरी ती फक्त तुम्हाला रांगेत उभं करून देते, रांग पुढे सरकवणं तिच्या हातात नाही.

आणि रांग जन्मदेशाची असते, पासपोर्टची नाही. माझ्या ओळखीत एक जण आहे, आईवडील नाशिकचे, पासपोर्ट भारताचा, पण वडील नोकरीला मस्कतला होते तेव्हा याचा जन्म तिथला, त्यामुळे तो ओमानच्या खात्यात मोजला गेला. माझ्यानंतर अर्ज करून माझ्या आधी त्याचं कार्ड आलं. नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म बाहेरचा असेल तरी तो देश दोघांना घेता येतो. आखातात वाढलेली मराठी मुलं आपल्याकडे भरपूर आहेत, त्यांनी हे आवर्जून बघावं.

‘प्रोफेसर-रिसर्चर लोकांना ईबी-१ असतं, तिथे रांग नाही’ असंही त्या मेसेजच्या एका रूपात होतं. ईबी-१ म्हणजे आपल्या क्षेत्रात अव्वल असलेल्यांचा वरचा गट. जगातल्या बहुतेक देशांसाठी खरंच नाही. भारतासाठी आहे, २०२५ मध्ये ती तारीख फेब्रुवारी २०२२ च्या आसपास होती. ईबी-२ च्या मानाने कितीतरी बरी, पण शून्य नाही. आणि ते सगळ्यांना मिळत नाही, किमान ३ वर्षांचा शिकवण्याचा किंवा संशोधनाचा अनुभव, सहापैकी किमान दोन निकष, जसं मोठी बक्षिसं, दुसऱ्यांचे पेपर तपासणं, स्वतःचे पेपर, मूळ योगदान, आणि वर नोकरी टेन्युअर ट्रॅक (पुढे कायम होऊ शकणारी प्राध्यापकाची) किंवा कायम स्वरूपाची लागते. माझं घोडं इथेच अडलं. पेपर होते, रिव्ह्यूज होते, शिफारसपत्रंही मिळाली असती, पण माझा पगार ग्रँटमधून येतो आणि माझ्या युनिव्हर्सिटीचं म्हणणं पडलं की अशा पोस्टला आम्ही कायम म्हणून पत्र देत नाही. झालं. मग साध्या पर्मने, म्हणजे मालकाने जाहिरात देऊन लायक अमेरिकन मिळत नाही हे दाखवायच्या पद्धतीने, ईबी-२.

‘कायद्याने करावंच लागतं’ हे तर साफ खोटं. कुठल्याही मालकावर अशी सक्ती नाही, युनिव्हर्सिटीवरही नाही. प्रत्येकीची पॉलिसी वेगळी असते, बऱ्याच ठिकाणी टेन्युअर ट्रॅकवाल्यांचं करतात, स्टाफसाठी डीनची परवानगी लागते, पोस्टडॉकचं तर सहसा करतच नाहीत कारण ती नोकरीच तात्पुरती धरलेली असते. एच-१बी करून देणं आणि ग्रीन कार्ड करून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑफर लेटरमध्ये ‘व्हिसा स्पॉन्सर करू’ असं वाचून घरी पेढे वाटलेले लोक मी पाहिलेत, त्यात ग्रीन कार्डचा शब्दही नसतो.

खर्चाचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. २००७ च्या नियमापासून पर्मच्या टप्प्याचा सगळा खर्च, वकील आणि जाहिराती धरून, मालकानेच करायचा असतो, तुमच्याकडून घेताच येत नाही. पण शेवटचा, प्रत्यक्ष कार्डासाठीचा आय-४८५ अर्ज बहुतेक ठिकाणी तुमच्या खिशातून, २०२४ पासून मोठ्या माणसाची फी १,४४० डॉलर, बायकोची वेगळी, मुलांची वेगळी, मेडिकल वेगळी.

एक गोष्ट मात्र युनिव्हर्सिटीत खरोखर चांगली आहे आणि मेसेज लिहिणाऱ्याला ती माहीतच नाहीये. साध्या पर्ममध्ये जाहिरात दिल्यावर किमान पात्रतेचा एक जरी अमेरिकन मिळाला तरी अर्ज तिथेच संपतो. शिकवणाऱ्यांसाठी वेगळी सोय आहे, तिथे युनिव्हर्सिटीला एवढंच दाखवायचं असतं की आलेल्या अर्जदारांत हाच सगळ्यात योग्य होता, आणि मूळ भरतीची जाहिरात, निवड समितीचा अहवाल हेच वापरता येतं. पण निवड झाल्याच्या तारखेपासून १८ महिन्यांत अर्ज जायला हवा, आणि कामात प्रत्यक्ष वर्गात शिकवणं हवं, नुसत्या लॅबला हे लागू नाही. माझी एक मैत्रीण असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागली, डिपार्टमेंट म्हणालं पहिलं वर्ष होऊ दे मग बघू, वर्षानंतर कागद हलायला लागले, मधेच ऑफिसातली बाई बदलली, त्या पदाला किमान किती पगार हवा हे सरकारकडून ठरवून मिळायलाच कित्येक महिने जातात, आणि १८ महिने उलटून गेले. मग तिच्याच जागेसाठी नव्याने जाहिरात काढून पुन्हा सगळी निवड करावी लागली. तिने त्या काळात काय सोसलं ते मी जवळून पाहिलंय, दर आठवड्याला ती मला विचारायची की दुसऱ्या कुणाला घेतलं तर.

आणि युनिव्हर्सिटी नाही म्हणाली म्हणजे सगळं संपलं असंही नाही. ईबी-१ए (ईबी-१ मधला असामान्य कर्तृत्वाचा प्रकार) आणि ईबी-२ मधलं नॅशनल इंटरेस्ट वेव्हर (काम देशहिताचं म्हणून पर्म माफ) स्वतः भरता येतं, मालकाची सही लागत नाही. वेव्हरचे निकष २०१६ च्या धनसर प्रकरणात घालून दिलेत. त्याची रांग ईबी-२ चीच, पण प्रायॉरिटी डेट लवकर पदरात पडते आणि आय-१४०, म्हणजे तुम्ही त्या गटात बसता हे दाखवणारा अर्ज, मंजूर झाला की नोकरी बदलली तरी ती तारीख सहसा तुमच्याकडेच राहते. मंजूर आय-१४० वर एच-१बी सहा वर्षांच्या पुढे तीन-तीन वर्षांनी वाढवता येतो आणि २०१५ पासून जोडीदाराला कामाचा परवाना काढता येतो, माझी बायको त्यावरच नोकरी करते.

भाच्याला मी म्हटलं, पोस्टडॉक घे की कंपनी घे ते तू ठरव, पण आधी डिपार्टमेंटला मेल टाक: या पदाला ग्रीन कार्ड स्पॉन्सर करता का, कोणत्या गटात, कधी सुरू करता, वकील कोणाचा, आणि ऑफर लेटरमध्ये लिहून देता का. दोन दिवसांत उत्तर आलं, पोस्टडॉकसाठी एच-१बी करू, ग्रीन कार्ड नाही. कंपनीने लिहिलं, एक वर्ष झाल्यावर पर्म सुरू करू. आता तो दोन्ही कागद समोर ठेवून विचार करतोय, आणि वेव्हरसाठी शिफारसपत्रं कोणाकडे मागायची याची यादी काल रात्री मला पाठवलीये.