‘रोज दहा शब्द, मराठी अर्थासह’: एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

“रोज दहा इंग्रजी शब्द मराठी अर्थासह पाठ करा; वर्षाला ३६५० शब्द होतील आणि इंग्रजी आपोआप येईल. इंग्रजीतल्या व्याख्या आणि उदाहरणवाक्ये वाचत बसू नका, त्यात नुसता वेळ जातो.” स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हा सल्ला सतत फिरत असतो. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याविषयी शंका नाही; परंतु मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांचेच त्याने अधिक नुकसान होते, म्हणून त्यातील विधाने तपासून पाहायला हवीत.

मराठी अर्थ कळला की शब्द आला, हे त्यातले मूळ गृहीतक. ‘डिस्कस’ म्हणजे चर्चा करणे, हा अर्थ अचूकच आहे. मात्र मराठीत चर्चा एखाद्या विषयावर किंवा विषयाबद्दल होते, त्यामुळे विद्यार्थी ‘वुई डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम’ असे लिहितो. प्रत्यक्षात या क्रियापदापुढे ‘अबाउट’ येतच नाही, थेट कर्म येते. लग्न मराठीत कोणाशी तरी होते, म्हणून ‘शी मॅरीड विथ अ डॉक्टर’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत हमखास सापडते. ‘से’ आणि ‘टेल’ या दोहोंपुढे वहीत ‘सांगणे’ असेच लिहिलेले असते. मग ‘ही टोल्ड मी’ बरोबर आणि ‘ही सेड मी’ चूक का, हे त्या वहीतून कधीच कळणार नाही. या तिन्ही ठिकाणी अर्थ ठाऊक असूनही वाक्य चुकते, कारण मराठी अर्थाच्या पाठोपाठ मराठी वाक्यरचनाही नकळत येते. ‘वुई डिस्कस्ड द प्लॅन विथ अवर टीचर’ हे एक वाक्य नीट वाचले, तर काय कर्म होते आणि ‘विथ’ कोणासाठी येते, हे दोन्ही एकदमच समजते.

म्हणूनच उदाहरणवाक्ये वाचण्यात नुसता वेळ जातो, हे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना त्यांनी सहकाऱ्यांसह जो कोश तयार केला, तो १९४२ मध्ये तिथेच प्रसिद्ध झाला. कोणते क्रियापद कोणत्या रचनेत वापरायचे, हे परभाषिक विद्यार्थ्याला दाखवणे हे त्या कोशाचे मुख्य काम होते. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला आणि आजचा ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ हा त्याचाच वंशज आहे. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली १९८७ मध्ये कोबिल्ड कोश आला. त्यातील उदाहरणे संगणकावर जमवलेल्या प्रत्यक्ष वापरातील इंग्रजीतून घेतलेली होती आणि व्याख्याही पूर्ण वाक्यात होत्या, त्यामुळे शब्द कसा बसतो हे व्याख्येतच दिसत असे.

व्याख्येतलेच शब्द कळत नाहीत, ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तिचे उत्तर फार पूर्वी शोधले गेले. ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी जेम्स एंडिकॉट यांच्यासह १९३५ मध्ये जो कोश काढला, त्यात सुमारे २४,००० नोंदींचे स्पष्टीकरण अवघ्या १,४९० शब्दांत केलेले होते. १९७८ च्या लाँगमन कोशाने हीच मर्यादा सुमारे २,००० शब्दांची ठेवली. तेव्हा ज्याच्याकडे हे पायाभूत शब्दच नाहीत, त्याने ते खुशाल मराठी अर्थासह शिकावेत. ‘ओटर’ म्हणजे पाणमांजर, एवढे कळायला कोणालाही चार ओळींची व्याख्या वाचावी लागू नये. आक्षेप मराठी अर्थावर नसून तिथेच थांबण्यावर आहे.

वर्षाला ३६५० हा हिशेब केवळ गुणाकार आहे. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेले स्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा निरर्थक अक्षरसमूहांचे पाठांतर पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक ओसरल्याचे दिसले. शब्द अर्थपूर्ण असल्याने त्यांची गत इतकी वाईट नसेल; तरीही सोमवारची यादी मंगळवारी मिटून नवी दहा घेणाऱ्याला जुने शब्द पुन्हा भेटतच नाहीत. दिवसाला तीन शब्द घेऊन प्रत्येकाची दोन-तीन उदाहरणवाक्ये वाचली, एक स्वतःचे रचले आणि आठवड्याने मराठी अर्थ झाकून ती वाक्ये पुन्हा चाळली, तर संख्या कमी भरेल. पण पत्र लिहिताना किंवा मुलाखतीत बोलताना ते शब्द हाताशी असतील.

असे कोश महाग असतात, अशीही सबब पुढे केली जाते. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांचे विद्यार्थी-कोश त्यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य पाहता येतात, आणि ज्या मोबाइलवर ही शब्दयादी येते त्याच मोबाइलवर ते उघडतात.