मोरचूद घालून रंगवलेली झबली

‘केमिकलला रामराम! बीट किंवा हळद उकळा, मूठभर मीठ, चिमूटभर मोरचूद. रंग जन्मभर जाणार नाही. पूर्वज हेच करायचे. बाजारचा रंग म्हणजे कॅन्सर.’ हा मेसेज चार ग्रुपांत आला, मी सोडून दिला. पण रविवारी वडगावात धाकट्या जावेकडे गेले, तर लेकीच्या बाळंतविड्यातली झबली तशीच रंगवून दोरीवर! आणि रंगवली कशात, तर भात लावायच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात.

आधी मोरचूद. अहो, बुरशी मारायला बोर्डो मिश्रणात घालून सुपारीवर फवारतात तेच हे कॉपर सल्फेट. हे केमिकल नाही, तर काय अंगारा आहे? पोटात गेलं तर विष. बाळ झबल्याची कड चोखणार, एवढंही लिहिणाऱ्याला सुचू नये? त्यात मीठ पडलं की ते ॲल्युमिनियम खातं. पातेल्याच्या तळाला तांबूस गाळ होता, बोट फिरवलं तर बारीक खड्डे लागले. जाऊ म्हणते, “बीटाचा रंग बसलाय, अक्का.” बीटाचा कुठला, मोरचुदातलं तांबं ते! एक झबलं साध्या पाण्यात पिळून दाखवलं. गुलाबी सगळं बादलीत, कापडावर मळकट डाग. बीट सुताला धरतच नाही, मग मीठ घाला नाहीतर व्हिनेगर.

हळद धरते, पण साबण लागला की लाल आणि उन्हात टाकली की गायब. हळदीला नेसलेली साडी ज्या बाईने धुतलीय तिला विचारा.

पूर्वजांना तरी एवढं भोळं समजू नका. मोहेंजोदडोत सापडलेल्या सुती तुकड्यावर मंजिष्ठेच्या मुळीचा लाल रंग आहे, आणि मंजिष्ठ सुतावर नुसती बसत नाही. आधी हिरड्याचं पाणी, मग तुरटी, मग रंग. हिरडा आपल्या खानापूरच्या रानातही मिळतो. निळीची तर तऱ्हाच वेगळी: ती आंबवल्याशिवाय पाण्यात विरघळत नाही, आणि कापड बाहेर काढल्यावर हवेने निळं होतं.

कॅन्सरचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. कारखान्यात बनणाऱ्या काही ॲझो रंगांतून अमाइन नावाची घातक रसायनं सुटतात, म्हणून केंद्र सरकारने १९९० च्या दशकात असे ११२ रंग हाताळायला बंदी घातली. पण काही रंग म्हणजे सगळे रंग नव्हेत.

जावेला हिरडा, डाळिंबाची साल आणि तुरटी देऊन आलेय. तुरटीही रसायनच, पण दाढीनंतर गालाला फिरवतो तेवढी साधी. रंगाला वेगळं स्टीलचं भांडं घे म्हटलं, ते तिला पटलं. भाताचं पातेलं मात्र भंगारात द्यायला तयार नाही. दिवाळीतच घेतलंय म्हणते.